सलिव्हन शोध: ब्यूटच्या खाणीतून ॲलिहीजच्या टाउनलँडपर्यंत

सूनबाईच्या माहेरच्या सलिव्हन घराण्याच्या वंशावळीचं काम तिच्या पणजोबांपाशी बरेच दिवस अडलं होतं, ते आता दोन पिढ्या मागे सरकलंय. मोंटानातल्या ब्यूट शहरातला तांब्याच्या खाणीतला कामगार पॅट्रिक सलिव्हन. मृत्युनोंदीत वडील डॅनियल, आई मेरी हॅरिंग्टन आणि जन्मस्थळ नुसतं ‘आयर्लंड’. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, म्हणजे जमिनीचे सगळ्यात लहान नोंदलेले तुकडे. त्यातला नेमका आपला कोणता हे कळल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

सलिव्हन आणि हॅरिंग्टन ही आडनावं एकाच घरात दिसली की आधी आयर्लंडच्या नैऋत्येचं बेअरा द्वीपकल्प बघावं, तिथे या दोन्ही नावांची दाटी आहे. शिवाय बेअराच्या टोकाला ॲलिहीजमध्ये 1812 पासून तांब्याची खाण होती. 1880च्या दशकात ती बंद पडली आणि तिथली माणसं मोठ्या संख्येने ब्यूटला गेली. नवख्यांसाठी एक सूचना: बेअरा कॉर्क काउंटीत असलं तरी चर्चच्या कारभारात ते केरी धर्मप्रांतात येतं. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदी केरीखाली शोधायच्या. सरकारी संकेतस्थळावर त्या फुकट बघता येतात.

पॅट्रिकचा बाप्तिस्मा 1861चा मिळाला. आईवडिलांची नावं जुळली, पण मला जास्त मोलाचं वाटलं ते साक्षीदाराचं नाव: जोहाना सलिव्हन. ही डॅनियलची बहीण असावी असं धरून मी तिच्या मागे लागलो, आणि खरा दरवाजा तिनेच उघडला.

आयर्लंडमध्ये 1909च्या जानेवारीत सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली. नागरी जन्मनोंदणी सगळ्यांसाठी 1864 पासूनची, मग त्याआधी जन्मलेल्यांनी वय सिद्ध कसं करायचं? 6 जानेवारी 1839च्या रात्रीचं मोठं वादळ आठवतं, असं सांगणारे पुष्कळ होते. बाकीच्यांसाठी डब्लिनच्या दफ्तरखान्यात कारकून 1841 आणि 1851च्या जनगणनेत ते कुटुंब शोधून उतारा लिहीत. 30 जून 1922ला फोर कोर्ट्समधला तो दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला, आणि त्या जनगणनांची मूळ पानं जवळपास सगळीच जळाली. पेन्शनचे अर्ज मात्र वाचले!

जोहानाचा अर्ज सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. लग्नानंतरचं आडनाव, खाली आईवडिलांची नावं, टाउनलँड, आणि कारकुनाच्या तिरक्या अक्षरात 1851चं घर: टिमथी, मेरी, थोरला मुलगा डॅनियल वय 19, जोहाना वय 9. जळून गेलेल्या पानातल्या चार ओळी एका म्हातारीच्या पेन्शनमुळे आपल्यापर्यंत आल्या.

मग ग्रिफिथचं मूल्यांकन उघडलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कर ठरवण्यासाठी केलेली जमीन-घरांची यादी. त्या टाउनलँडमध्ये टिमथी सलिव्हन दोन. नावं सारखी असली की मूल्यांकन करणारे कंसात बापाचं नाव किंवा घराण्याची ओळख लिहीत. एकापुढे ‘बॉन’, दुसऱ्यापुढे ‘डॅनियल’. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची तिथली रीत लक्षात घेता आपला टिमथी दुसरा. वंशावळीत त्याच्या वडिलांचं नाव सध्या पेन्सिलीनेच लिहिलंय.

सूनबाईच्या माहेरचे विचारतात, आपण डोनल कॅमचे का? ओ’सलिव्हन मूळचे टिपरेरीतले, नॉर्मन आल्यावर दक्षिणेकडे सरकलेले. त्यांच्या बेअरा शाखेचा डोनल कॅम हा प्रमुख. 1602च्या जूनमध्ये त्याचा डनबॉयचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो सुमारे हजार माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. लीट्रिमला पोचली ती फक्त 35. पुढे 1618 मध्ये माद्रिदला त्याचा खून झाला. गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो, पण आमच्या टिमथीपासून त्याच्यापर्यंत दोनशे वर्षांचा एकही कागद माझ्याकडे नाही. आपल्या कुलवृत्तांतांतही मूळपुरुष पुराव्याशिवाय जोडलेले बघितलेत, ते मला कधीच पटलं नाही. तेव्हा डोनल कॅम तूर्त वंशावळीबाहेर.

आता 1823 ते 1837च्या दशांश कराच्या, म्हणजे चर्चसाठी शेतजमिनीवर घेतलेल्या कराच्या, यादीत त्याच टाउनलँडचा डॅनियल, म्हणजे टिमथीचे वडील, बघायचेत. तिथे ‘थेडी’ नावही तपासणार, कारण टाइग हे आयरिश नाव कधी टिमथी, कधी थेडी असं लिहिलं जाई. बेअराचे ‘बॉन’ सलिव्हन कुणी हाताळले असतील तर जरूर कळवा, दोन्ही टिमथी शेजारीच राहत होते.