आमची वाटचाल : पदवी ते वॉर्ड

नर्सिंग पास झालेल्या मुलामुलींना वॉर्डसाठी तयार करायचं, एवढाच आमचा धंदा. कॅन्युला (शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी), कॅथेटर (लघवीची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) हे सगळं ती कॉलेजातून शिकूनच येतात. अडतं ते सहा पेशंट एकदम अंगावर आल्यावर. एकाची सलाईन संपत आलेली, दुसऱ्याचे नातेवाईक दारात, फोन वाजतोय आणि हातात अर्धी भरलेली, लेबल नसलेली सिरिंज. पुढचं आपल्याला सांगायला नको.

म्हणून आमच्याकडे औषध भरताना प्रशिक्षक मुद्दाम हाक मारतो. परत आल्यावर पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. मध्येच पुढे चालू करणारा नापास. ट्रेमध्ये 100 युनिट/मिली इन्सुलिनची बाटली आणि शेजारी 40 युनिट/मिलीच्या इन्सुलिनसाठी खुणा केलेली सिरिंज ठेवलेली असते. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला 50 युनिट जातात. 1 लिटर सलाईन 8 तासांत, 1 मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला 42 थेंब, हे कागदावर सगळ्यांना येतं. गप्पा मारत सेट बदलून 60 थेंबांचा दिला की अर्धी बॅच 42 वरच अडकते. तिथे 125 हवेत.

सुरुवातीचं भांडवल म्हणजे सरावाचा एक रबरी हात. लाल पाणी भरायचं, सराव झाला की साध्या पाण्याने धुऊन हवेवर पूर्ण वाळवायचा, नाहीतर आत बुरशी धरते. त्याची खरी खोड वेगळीच. त्याच त्या जागी टोचून भोक पडतं आणि सुई आपोआप शिरेत जाते. मुलांना वाटतं हात बसला. आम्ही कातडी फिरवून लावतो, वेळेत बदलतो. फ्लॅशबॅक, म्हणजे सुईमागे रक्त, दिसला की कोन कमी, सुई 1-2 मिलिमीटर पुढे, मग फक्त कॅन्युला सरकवायची. काढलेली सुई परत कॅन्युलात घालायची नाही, प्लास्टिक कापलं जातं.

मग एक संस्था आली. तीन दिवस स्लाइड्स आणि जाड कागदावरचं सोनेरी प्रमाणपत्र. हॉस्पिटलांनी एकेक करून बॅचेस काढून घेतल्या, प्रशिक्षक गेले, कातडी बदलायलाही पैसे उरले नाहीत. त्याहून जिव्हारी लागलं ते त्यांचं सरावपुस्तक. काल्पनिक पेशंट आमचेच, बेड नंबरांसकट! वॉर्डात त्यांच्या प्रमाणपत्राचा काय उपयोग झाला, ते इन्चार्ज सिस्टरांना विचारा.

एका मेट्रन मॅडमनी मात्र बॅच थांबवली नाही. प्रमाणपत्र नकोच, म्हणायच्या. माझ्या वॉर्डातली नर्स पेशंटचा श्वास मोजते का ते दाखवा. वॉर्डातले चार्ट काढून पाहा, सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला 20 लिहिलेला सापडेल. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा हाच आकडा आधी हलतो आणि नेमका हाच कोणी मोजत नाही. त्यांच्या हट्टामुळे आमच्याकडे पूर्ण 1 मिनिट घड्याळ लावून, पेशंटला न सांगता मोजायची सक्ती आली. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. त्यांच्या बॅचेसवर आम्ही तगलो. नंतरची वर्षं बरी गेली.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांना न विचारता सांगतो. नव्या मुलीला रोज वेगळी सीनियर जोडू नका. एकच ठेवा आणि त्या सीनियरचे पेशंट कमी करा, नाहीतर ती शिकवणार कधी? पहिल्या नाइट ड्यूटीला एकटं सोडू नका. आणि डॉक्टरांना फोन करायचा सराव आधी बंद फोनवर खोटाखोटा करून घ्या. "पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यावर रात्री कोणी उठत नाही. "सात नंबर, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, श्वास 28, बीपी 90/60, दोन तासांत लघवी 20 मिली, रक्तस्राव वाटतोय, आत्ता येऊन पाहा" असं म्हटलं की उठतात.