डांगरवाडीवरून नाव

"यंदा हॉल नाही, माईक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच नाही. चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर या. नावेत बसायचंय. पोहता येत नसेल त्यांनी आधी कळवा." आमच्या शाळेतल्या वर्गाच्या मॉनिटरचा हा मेसेज दिवाळीनंतर ग्रुपवर पडला आणि एरवी सुविचार आणि गुडघेदुखीची औषधं फिरणारा ग्रुप एकदम जागा झाला. पोहता येत नाही म्हणून कळवणारे निघाले सहा. त्यातले चार जण आयुष्याची पहिली सोळा वर्षं तापीच्या काठावर राहिलेले!

आम्ही १९८० ची दहावी. पहिल्यांदा जमलो ते २००५ साली, पंचवीस वर्षं झाली म्हणून. शाळेनेच वर्ग उघडून दिला होता. जुन्या बाकांवर बसायची हौस भागवताना दोघांचे गुडघे अडकले, त्यांना ओढून काढावं लागलं. एकदाच भेटायचं असं ठरलेलं, पण जाताना कुणीच "येतो" म्हणेना, "पुढच्या वर्षी" म्हणाले. तेव्हापासून डिसेंबरचा शेवटचा रविवार आमचा. पुण्याहून, नाशिकहून, सुरतेहून भुसावळला उतरायचं आणि मिळेल त्या गाडीत कोंबून घ्यायचं.

खरी मजा भरिताच्या वर्षांची. कुणाच्या तरी केळीच्या बागेत, विहिरीशेजारी. चंपाषष्ठी होऊन गेलेली, म्हणजे वांग्याला मोकळीक. बामणोदकडची हिरवट-पांढरी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकली की साल काळंठिक्कर पडतं आणि आत गर नुसता लोण्यासारखा. सोलायचं काम मुलींचं. (साठीच्या बायकांना आम्ही अजून मुलीच म्हणतो, त्यांनाही ते चालतं.) मग लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं. किती ठेचायचं यावर दरवर्षी भांडण. "लगदा नको करू भो, दाताखाली काहीतरी यायला पाहिजे!" वरून शेंगदाण्यांची फोडणी, कांद्याची पात, आणि चुलीवरून थेट हातात येणारी कळण्याची भाकरी. ज्वारीत काळे उडीद दळून केलेल्या त्या भाकरीवर कच्चं तेल ओतून घेणारा आमचा एक डॉक्टर मित्र दिवसभर पेशंटना तेल बंद करायला सांगत असतो.

एका वर्षी मात्र कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि एसी हॉल घेतला. दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन, पनीर. पनीर खायला कुणी खान्देशात येतं का? चार वाजता सगळे पार्किंगमध्ये उभे राहून गप्पा मारत होते, आत फक्त माईकवाला. करोनाच्या वर्षी मोबाइलवर भेटलो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तासभर सगळे एकमेकांना "आवाज येतोय का" एवढंच विचारत होते.

तर यंदा नाव.

आमच्या लहानपणची तापी दोन प्रकारची होती. उन्हाळ्यात ती एका कडेला सरकून पडलेली, बाकी सगळं पात्र वाळूचं. त्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे. भोई मंडळी वाळूत खड्डे घेऊन शेणखत टाकत आणि वेल लावत. चैत्र-वैशाखात डांगरं पिकली की वास आमच्या ओट्यापर्यंत यायचा. चोरलेलं डांगर गार करायची आमची रीत अशी: वाळू हातभर उकरायची, झिरा लागला की त्यात डांगर बुडवायचं आणि वर चड्डी वाळत घालायची, म्हणजे कुणाला संशय नको.

पावसाळ्यातली तापी वेगळीच. पलीकडच्या गावांतली पंधरा-वीस पोरं नावेने शाळेत येत. मॉनिटर त्यातलाच. नावाडी रोजचे पैसे घेत नसे. घरटी वर्षाला पायलीभर ज्वारी, तीही दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात आली की. पूर आला की नाव बंद, म्हणजे मॉनिटर गैरहजर, म्हणजे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं नाहीत. सातपुड्याच्या अंगाला आभाळ काळं दिसलं की आम्ही वर्गात हात जोडून बसायचो.

दहावी झाली, पांगलो, आणि एक-दोन वर्षांत खाली हतनूरचं धरण अडलं. एक्केचाळीस दरवाजे बंद झाल्यावर पाणी मागे फुगत आलं ते पार तापी-पूर्णेच्या संगमाच्याही वर. डांगरवाड्या गेल्या. मॉनिटरचं गाव उठून प्लॉटांवर गेलं. सुट्टीत घरी आलो तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनात. मी नदीकडे फारसा गेलोच नाही नंतर. धरण नको होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भुसावळात नळाला येतं ते याच धरणाचं पाणी.

चांगदेवाच्या देवळापासून खाली उतरलो तेव्हा दोन नावा तयार होत्या. नारिंगी जॅकेटं वाटली गेली, पोटांवर बंद लागेनात. भूगोलाचे सर आलेले होते, मफलर गुंडाळून. त्यांना मधल्या फळीवर बसवलं. नाव सुटायच्या आत त्यांनी विचारलंच, "तापी कुठे उगम पावते?" सगळे एका सुरात, "मुलताई, जिल्हा बैतूल!" "लांबी?" "सातशे चोवीस किलोमीटर!" सर खूश. इंजिन सुरू झालं, नावेने संगमाकडे वळण घेतलं आणि सर म्हणाले, "आता सातपुडा दाखवा." अकरापैकी आठ हात अजिंठ्याच्या डोंगराकडे गेले. चाळीस वर्षं शहरात राहिलं की उत्तर दिशा अशी हरवते.

मधोमध वारा बोचरा होता. पाण्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, लांब चक्रवाकांची एक रांग. पूर्णा वऱ्हाडातून येते, तिचा पट्टा उजवीकडून येऊन मिळत होता. नावाडी तिशीतला पोरगा. एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हाताने कापलेल्या तेलाच्या डब्याने तळातलं पाणी उपसत होता. आमच्या जुन्या नावाड्याचा नातू. मॉनिटरने हुडकून काढलेला.

"बंद कर रे इंजिन," मॉनिटर अचानक म्हणाला. "इथेच होती."

"काय?"

"डांगरवाडी."

झालं. दुसरा म्हणाला इथे कसली, देवळाच्या सरळ रेषेत होती. तिसरी म्हणाली की देवळाच्या नाही, पिंपळाच्या. पिंपळ आता कुठे आहे, हे कुणालाच सांगता येईना. इंजिन बंद पडल्यावर एवढी शांतता झाली की काठावरच्या मोटारपंपाचा आवाज यायला लागला. शेवटी नावाड्यानेच बांबू उचलून पाण्यात सोडला. पुरुषभर सरळ गेला आणि मग आवाज न करता आणखी आत गेला, जसा काही पिठात जातोय. त्याने दोन्ही हातांनी ओढून वर काढला. खालचा तीन-चार हात भाग काळ्या चिखलाने माखलेला, चकचकीत.

"वाळू नाही?" मी विचारलं.

"वाळू माझ्या बापाने पाहिली, काका. आता गाळच. पूर्णामाय आणते दर पावसाळ्यात."

मॉनिटरने त्या चिखलाला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता पाण्यात धुतलं. मग कुणीतरी चड्डी वाळत घालायची गोष्ट काढली, ती सगळ्यांना पाठ आहे, तरी नाव हलेपर्यंत हसलो. सर ओरडले, "बसा खाली!" आणि साठीची माणसं खाली बसली.

उतरल्यावर ठरलेले पैसे दिले. नावाडी दोर बांधत होता. मॉनिटर गाडीकडे गेला आणि डिकीतून एक छोटं पोतं काखेत घालून आला.

"हे तुझ्या आजोबांचं. गाव उठलं त्या सालाची आमच्या घरची द्यायची राहिली होती."

पोरगा आधी आमच्याकडे बघत राहिला, थट्टा चाललीय का म्हणून. सर मागून म्हणाले, "चाळीस वर्षांचं चक्रवाढ व्याज किती होईल?" कुणी उत्तर दिलं नाही. पोराने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे घेतले, बोटांतून खाली सोडले.

"दादर का?"

"दादरच."

"मग इथं ओल्यात नका ठेवू," तो म्हणाला आणि नावेतली कोरडी फळी पुसायला वाकला.