बाई, पतंग आणि 'राइज'चं गणगोत

आपल्या बडोद्याच्या शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असं पत्र आलं आणि मी वहीत मुद्दे काढायला बसलो. मैदान, स्नेहसंमेलन, प्रयोगशाळा, मधल्या सुट्टीतली शेव-उसळ. अर्ध्या तासानं पाहतो तर पानभर फक्त इंग्रजीच्या बाईच होत्या. समितीनं क्षमा करावी. बाकीच्या गुरुजनांवर माझे वर्गमित्र लिहितीलच.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. 'इंग्रजीच्या बाई' एवढं म्हटलं की आपल्या शाळेत कुणाला पुढे विचारावं लागत नसे. त्यांच्या टेबलावर रॉजेच्या थिसॉरसची, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाची, एक जीर्ण प्रत असायची, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेली. पीटर मार्क रॉजे हे पेशानं डॉक्टर. त्यांनी 1852 मध्ये हे पुस्तक काढलं आणि त्यात शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या गोतावळ्यानं बसवले, हे बाई मोठ्या कौतुकानं सांगत. पण लगेच बजावत, "एका गोतातले म्हणून सगळे सारखे नसतात हं. तुमच्या घरी काका आणि मामा सारखे का?"

नववीतली गोष्ट. वाशी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस, संपल्यावर शाळा भरली. अर्ध्या वर्गाच्या बोटांना मांज्याच्या चिरा, आवाज बसलेले, डोळे लाल. दांडिया बाजारातला आमचा एक मित्र उठून ऐटीत म्हणाला, "बाई, आय सोअर्ड माय काइट!" बाईंनी खडू खाली ठेवला. "तू सोअर केलंस? मग खाली कसा बसलास?" वर्ग खदखदून हसला, आणि त्या दिवशीचा नेमलेला धडा तिथेच राहिला.

त्यांनी आम्हा सगळ्यांना अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, नेलं. वर तारांत, झाडांत कटलेले पतंग लटकत होते आणि सुरसागर तलावाच्या बाजूला दोन-तीन घारी फिरत होत्या. "ती बघा. पंख हलवते का? ऊन तापलं की गरम हवा वर चढते, तिच्यावर ती नुसती स्वार होते. हे सोअर. पंख मारत गेली तर फ्लाय. आणि सोअर दुसऱ्याला करायला लावता येत नाही. पतंग तू उडवलास, म्हणजे यू फ्ल्यू इट. तो वर गेला, इट रोझ. ढील दिलीस आणि हळूहळू चढत गेला, इट क्लाइम्ब्ड. एका जागी थरथरत राहिला, इट होव्हर्ड." मग म्हणाल्या, इंग्रजीत काइट हे मुळात या पक्ष्याचंच नाव, कागदी पतंगाला ते नंतर चिकटलं. सोअर शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला हवेचा शब्द आहे, हेही तिथेच सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "आणि कटला तर?" दुसरा ओरडला, "काइपो छे!" बाई म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे इंग्रजी नाही. तेच ठेवा."

खाली आल्यावर त्या मित्राची कापलेली बोटं पाहून त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: माय काइट सोअर्ड, माय फिंगर्स आर सोअर. उच्चार एक, स्पेलिंग निराळं. आमच्या बॅचमधला कुणीही आजसुद्धा हे वाक्य झोपेत म्हणून दाखवील.

सयाजीरावांचं उदाहरण मात्र त्यांचं खास होतं, आणि ते बडोद्यातच सुचावं असं. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, म्हणजे रेझ्ड हिम. तो गादीवर बसला, ही असेंडेड द थ्रोन. आणि पुढे 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा राजा म्हणून जो मोठा झाला, ते ही रोझ. "पहिलं दुसऱ्यानं केलं, दुसरं विधीनं झालं, तिसरं त्यांचं स्वतःचं." रावपुऱ्याचा टॉवर दाखवून तो शब्द क्रियापदही होतो, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं होतं. वर्तमानपत्रात भाव वाढल्याची बातमी आली की कात्रण वर्गात यायचं. साधी वाढ असेल तर राइज, पायरीपायरीनं असेल तर क्लाइम्ब, डोळे पांढरे झाले तर सोअर, एका रात्रीत भडकले तर रॉकेट. आमच्या घरी तेव्हा चौथाच शब्द लागू असायचा, असं आई म्हणे.

या सगळ्याचा उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मी रसायनांच्या कारखान्यात कार्यपद्धतीच्या पुस्तिका लिहितो. नवे इंजिनियर मसुद्यात लिहून आणतात, 'द टेम्परेचर विल राइज'. मी विचारतो, आपोआप, की कुणी वाढवायचं? आपोआप वाढणार असेल तर ऑपरेटरनं नजर ठेवायची, वाढवायचं असेल तर व्हॉल्व्हला हात घालायचा. रेझ लिहायचं तिथे राइज पडलं, तर माणूस काट्याकडे बघत उभा राहील. या एका बाबतीत माझा विभाग मला वचकून असतो, आणि त्याचं श्रेय माझं नाही.

मधे शाळेत येऊन गेलो. मराठी माध्यमाचे वर्ग आटले आहेत, हे दुःख सगळ्यांचंच आहे. अगाशीच्या दाराला कुलूप दिसलं. सुरक्षिततेसाठी असेल, पटतंही. पण इंग्रजी चकचकीत पडद्यावर शिकवलं जातं आणि मुलं सोअरला 'टु फ्लाय हाय' एवढंच उत्तर पाठ करतात, हे काही मला पटत नाही. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात म्हणे. बाईंनी अर्धाच दिला असता, तोही अक्षर चांगलं असेल तर.

समितीला एक विनंती. ग्रंथालयासाठी थिसॉरसच्या प्रती मी पाठवतो आहे, कपाटात बंद न ठेवता वर्गात ठेवाव्यात. आणि शनिवारी सकाळी नववीचा एखादा तास मोकळा असेल तर मी यायला तयार आहे. मानधन नको. शिपाईमामांकडून अगाशीची किल्ली तेवढी मिळवून द्या, आणि तास शक्यतो उन्हं तापल्यावरचा ठेवा, घारी त्याआधी वर येत नाहीत.