हार्मोनियम, डबल रीड, खराब नर

पेपरच्या छोट्या जाहिरातींच्या काउंटरवरच्या मुलाने माझा कागद घेतला, एकेका शब्दावर पेनाने टिंब देत मोजला आणि मान वर न करता विचारलं, "पेटी लोहे की है या लकड़ी की?"

"लकड़ी की."

"कितने फीट?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्या घरी पेटी म्हणजे हार्मोनियम, त्याच्या घरी पेटी म्हणजे ट्रंक. इंदूरच्या मराठी माणसाचं हे नेहमीचंच. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि मधल्या उंबरठ्यावर कधी कुठला शब्द घसरेल ते सांगता येत नाही. मी 'पेटी' खोडून 'हारमोनियम' लिहिलं. त्याने परत टिंबं दिली.

बाबा २०२१ च्या डिसेंबरात गेले. रामबागेतल्या घरात आई एकटी उरली. माझ्याकडे सुदामानगरला चल म्हटलं, तर म्हणाली, येईन दोन दिवस राहायला, पण घर सोडणार नाही. मग वरचा मजला भाड्याने द्यायचा ठरला. त्यासाठी वर साठलेलं सामान काढणं आलं. त्यात दोन मोठ्या वस्तू होत्या, बाबांची १९९६ सालची बजाज चेतक आणि त्यांची पेटी. बंगळुरूचा भाऊ म्हणाला, मोबाइलवर टाक, फुकट आहे. आई म्हणाली, "मोबाइलवर कोण आहे ते दिसतं का? पेपरातलं वाचणारा निदान वाचणारा तरी असतो." आमच्याकडे पेपर हा श्रद्धेचाच विषय. बाबा लहानपणापासून 'नई दुनिया' वाचत आले. १९४७ साली इंदुरात निघालेला हा हिंदी पेपर, पण राहुल बारपुते त्याचे संपादक होते म्हणून बाबांच्या हिशेबात तो निम्मा मराठीच होता. आत्याच्या लग्नाची जाहिरात कधीकाळी बॉक्स नंबरवर दिली होती. उत्तरं पेपरच्या कचेरीत जमायची आणि आजोबा सायकलवरून जाऊन ती पुडक्याने आणायचे, हे आईने मला त्या आठवड्यात तीनदा सांगितलं. बॉक्स नंबरची ही पद्धत आज असती तर किती बरं झालं असतं, ते मला पुढे कळायचं होतं.

छोट्या जाहिरातीचा हिशेब सोपा असतो. पहिल्या काही शब्दांचा ठरलेला दर, त्यापुढे दर शब्दाला वेगळे पैसे, रविवारी जास्त, आणि बिलावर पाच टक्के जीएसटी. त्यामुळे माणूस आपोआप कंजूष होतो. मराठीत 'विकणे आहे', 'देणे आहे' एवढ्या दोन शब्दांत काम भागतं. मी हिंदीत 'किराये से देना है' लिहिलं होतं. मुलाने शेवटचे दोन शब्द उडवले. "किराये से लिख दो, सब समझ जाते हैं." खरंच समजतात. हे 'किराये से'सुद्धा खास आपल्याकडचं. दिल्लीला शिकणारा भाचा 'किराये पर' म्हणतो आणि आम्हाला हसतो.

भाड्याची जाहिरात शेवटी अशी झाली: रामबाग, प्रथम मंज़िल, २ कमरे, किचन, लेट-बाथ, नर्मदा-बोरिंग, छोटे परिवार हेतु. पुढे माझा नंबर. 'नर्मदा-बोरिंग', म्हणजे नळाला नर्मदेचं पाणी आणि शिवाय बोअरवेल, हा शब्द इंदूरच्या जाहिरातीत टाळताच येत नाही. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं तेव्हापासून घर पाहायला येणारा खोल्यांआधी नळ बघतो. आईला 'मराठी परिवार' हवं होतं. मी नको म्हटलं. 'शाकाहारी'ही नको म्हटलं, कारण हा शब्द जेवणाबद्दल कमी आणि आडनावाबद्दल जास्त विचारतो, असं माझं मत आहे. आई दोन दिवस फुगून होती.

आणखी तीन शब्द मी पैसे वाचवायला गाळले आणि ते महागात पडले. 'दलाल क्षमा करें.' रविवारी सकाळी पावणेसातला पहिला फोन आला तो दलालाचा. दहापर्यंत आलेल्या चौदा फोनांपैकी अकरा दलालांचे. एक जण म्हणाला, पार्टी तयार आहे, फक्त महिन्याचं भाडं कमिशन. दुसऱ्याने त्याच पार्टीचं वर्णन करून पंधरा दिवसांचं मागितलं. खरी भाडेकरू मंडळी दुपारनंतर बोलायला लागली, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "नर्मदा रोज़ आती है?" एक दिवस आड येते, बोरिंग आहे, हे मी त्या दिवशी इतक्यांदा बोलले की संध्याकाळी झोपेतही म्हणाले असते.

रात्री वेगळेच फोन सुरू झाले. बाईचा नंबर छापला की काही लोकांना घर, स्कूटर, पेटी कशातच रस नसतो. अकरा वाजता एकाने विचारलं, "आप अकेली रहती हैं?" मी फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, पुन्हा दुसऱ्या नंबरवरून आला. पुढच्या जाहिरातींत भावाचा नंबर दिला. तो बंगळुरूत बसून फोन घ्यायचा आणि कामाचे तेवढे नंबर मला पाठवायचा. एकट्या बाईने जाहिरात द्यायची असेल तर मी तरी असंच सुचवेन, किंवा निदान शेवटी 'समय १० से ६' छापून घ्यावं. चार शब्दांचे पैसे जातात, जाऊ द्यावेत.

सोमवारी एक अत्यंत सभ्य आवाज आला. महूहून बोलतोय, फौजेत आहे, बदली होऊन येतोय, घर फोटोवरूनच पसंत आहे. फोटो? मी फोटो दिलेच नव्हते. तिथेच खटकलं. पण महू म्हटलं की इंदूरच्या माणसाचा आपोआप विश्वास बसतो, छावणी एवढी जवळ. तो म्हणाला, डिपॉझिट फौजेच्या खात्यातून येतं, त्याची एक पद्धत आहे, मी कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडे जमा. आई शेजारी बसली होती. तिला यूपीआय येत नाही, पण ती म्हणाली, "घ्यायला कशाला पिन लागेल? पिन द्यायला लागतो ना?" बरोबर तेच. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. मी त्याला म्हटलं, रोख घेऊन या, चहा पाजते. फोन कट. ज्यांचे पैसे खरंच गेलेत त्यांनी ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं असतं. आमचं थोडक्यात निभावलं.

जागा शेवटी बुऱ्हाणपूरच्या एका जोडप्याला दिली. तो बँकेत, ती शिवण शिकवते. अकरा महिन्यांचा करार. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून सगळे अकरावर थांबतात. स्टॅम्प घेतला, नोटरी केली. सब-मीटरचं रीडिंग करारातच लिहून घेतलं. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली. हा भाग एका दुपारी आटोपला, सांगण्यासारखं त्यात काही नाही. एवढंच, की ठाण्याचा फॉर्म सामान चढवण्याआधी द्यावा.

चेतकने मात्र घाम काढला.

जाहिरात छान होती: चेतक ९६, एक हाथ चली, चालू हालत. पहिलाच मेकॅनिक आला, किक मारली, आवाज ऐकला, हँडल हलवून पाहिलं आणि म्हणाला, "कागज़?" कागद काढले. गाडी बाबांच्या नावावर. पंधरा वर्षांची नोंदणी २०११ ला संपली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, बाबांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदाही केलं नसतं असं नाही, पण २०२१ साल त्यांचं आजारपणात गेलं. विमाही संपलेला. म्हणजे मी जी गाडी विकायला काढली होती तिचा मालक हयात नव्हता आणि कागदोपत्री तिची मुदतही संपली होती. मेकॅनिक समजूतदारपणे म्हणाला, "कोरे फॉर्म पर साइन कर दो दीदी, पापाजी की जैसी होती थी वैसी." बाबांची सही मला हुबेहूब येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दोनदा केलेली आहे. पण हे प्रगतिपुस्तक नव्हतं.

समोरच्या वाड्यातले वकीलकाका म्हणाले, असलं काही करू नकोस. सरळ रस्ता असा आहे. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आम्हाला हे माहीतच नव्हतं, उशीर झाला होता. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, आणि आई व भावाची 'आमची हरकत नाही' अशी प्रतिज्ञापत्रं. भावाचं बंगळुरूहून कुरिअरने आलं. मग फॉर्म २५ भरून नूतनीकरण. त्याच एप्रिलपासून, म्हणजे २०२२ च्या, दुचाकीची ही फी ३०० वरून १००० झाली होती, वर उशिराचा दंड. गाडी दाखवायलाही न्यावी लागते. अंगणात तिला चालू करायला मी वीस किका मारल्या. आई ओट्यावरून ओरडली, "अगं, ते आधी झुकवायचे तिला!" झुकवली. एकविसावी किक लागली. धुराच्या ढगात सगळ्या अंगणाला बाबांचा वास आला, पेट्रोल आणि त्यात मिसळायचं टू-टी ऑइल.

मग विक्रीचे, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०. इथेही वकीलकाकांचं ऐकलं. विकून मोकळं व्हायचं नाही, विकल्याचं विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत कळवायचं असतं. नाहीतर चालान तुझ्या दारात येईल, आणि चालान परवडलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोंद ज्याच्या नावावर तो मालक, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेलेली असो, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. मी घेणाऱ्या मुलाला घेऊन स्वतः गेले, त्याच्यासमोर कागद दिले, पोच घेतली. तो इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, तिला रंग देऊन मूळ रूपात आणणार म्हणाला. आठ हजार आले. कागदांवर, विम्यावर आणि कुरिअरवर किती गेले हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आता पेटी. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर, डबल रीड, खरज-नर, सागवानी पेटारा. बाबा तीवर रामनवमीला भजनं वाजवायचे, बाकी वर्षभर ती मच्छरदाणीच्या कापडाखाली. जाहिरातीत मी 'डबल रीड, खरज-नर' असं लिहिलं, कारण जाणकाराला तेवढ्यात कळतं. खरज म्हणजे खालच्या सप्तकाचे सूर, नर म्हणजे मधल्या. छापून आलं: हारमोनियम, डबल रीड, खराब नर, पुरानी.

पेपरचं नाव लिहीत नाही. माझं अक्षरही काही मोत्यांसारखं नाही. पण तो दिवस भंगारवाल्यांचा गेला. एकाने किलोचा भाव विचारला. एक बाई म्हणाल्या, नर खराब म्हणजे नक्की काय? मला हसूच आवरेना. भाऊ बंगळुरूहून दर तासाला नवी मजा कळवत होता. मी कचेरीत गेले, त्या मुलाने तोंड पाडून पुढच्या रविवारी फुकट दुरुस्त छापतो म्हटलं.

मंगळवारी एक काका आले, खांद्यावर शबनम, मराठी. म्हणाले, "खराब नर असं कुणी लिहिणार नाही. खरज-नर असणार, म्हणून आलो." आईने लगेच चहा टाकला.

त्यांनी वाजवायला घेतली नाही. आधी भाता पूर्ण भरला, एकही पट्टी न दाबता, आणि कान लावून बसले. हवा कुठे गळते का ते ऐकत होते. मग सोडला, पुन्हा भरला. सगळे स्टॉप बंद करून परत तेच. मग एकेक पट्टी, खालून वर, काळ्यांसकट, प्रत्येकीवर जेमतेम दोन सेकंद. वरच्या सप्तकातला एक कोमल धैवत जरा कुरकुरला. त्यांनी तो तीनदा दाबला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "झुरळ आहे आत. सुराला काही झालेलं नाही." झाकण उघडलं तर खरंच होतं, वाळलेलं. ते त्यांनी बोटाने उचलून खिडकीबाहेर टाकलं आणि मग वाजवायला बसले. फार नाही, पाच मिनिटं.

मी नऊ हजार सांगितले होते. त्यांनी साडेआठ काढले. मी काही बोलायच्या आत आईने ते घेतले आणि मच्छरदाणीचं कापड धुऊन त्यांच्याबरोबर दिलं. ते पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले, सामानाच्या जागी ठेवली नाही.

रविवारी दुरुस्त जाहिरात आली. 'खरज-नर' अगदी शुद्ध, शिवाय चुकून आईच्या घरचा लँडलाइन. दिवसभरात अकरा फोन आले. आईने प्रत्येकाला सांगितलं की गेली, आणि त्यातल्या तिघांना कुणाकडे, कशी आणि झुरळ कुठे सापडलं तेही सांगितलं.