दोन मँचेस्टर आणि एक अप्पेपात्र : ओसाकातले पाच दिवस

इचलकरंजीत सुताचा धंदा करणाऱ्या माणसाला जपानला न्यायचं म्हटलं, की तो टोकियोचं नाव काढत नाही. आमचे हे पहिल्यापासून ओसाकाच म्हणत होते. आपल्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि ओसाकाला एकेकाळी पूर्वेचं मँचेस्टर म्हणायचे. तिथल्या सूतगिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागायचा. 1893 साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीनं मुंबईची बोट सुरू केली ती मुख्यतः त्या कापसापायी, आणि जमशेटजी टाटांचा त्यात हात होता. हे सगळं तीनदा ऐकून झाल्यावर मी म्हटलं, बरं बाई, ओसाका तर ओसाका.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघं गेलो. हे, मी आणि सासूबाई. आई सत्तरीच्या, चालायला आमच्यापेक्षा खणखणीत, आणि माळकरी. मासे-मटण तर सोडाच, अंडंसुद्धा नाही. ओसाकाची ख्याती 'कुइदाओरे' अशी, म्हणजे खाण्यापायी दिवाळं काढणारं गाव. तिथं माळकरी बाईला न्यायचं यावर पाहुण्यांनी आमची भरपूर टिंगल केली.

बहुतेक टूरवाले ओसाकाला अर्धा दिवस देतात. किल्ल्यासमोर एक फोटो, दोतोन्बोरीच्या पाटीसमोर एक फोटो, की बस निघाली क्योतोला. हे बाजारपेठेचं गाव आहे आणि बाजार पायी फिरल्याशिवाय कळत नाही. तीन पूर्ण दिवस तरी ठेवाच.

राहायला आम्ही तेन्नोजी निवडलं आणि तो निर्णय सोळा आणे बरोबर ठरला. विमानतळाहून जे.आर.ची (जपान रेल्वेची) गाडी थेट तिथं येते, मिदोसुजी ही लाल रंगाची मेट्रो तिथूनच जाते, आणि शितेन्नोजी मंदिर नि शिनसेकाई दोन्ही चालत गाठता येतात. शिवाय स्टेशनला लागून आबेनो हारुकास ही 300 मीटर उंच इमारत आहे. वरच्या गच्चीचं तिकीट काढायचं नसेल तर सोळाव्या मजल्यावरची बाग फुकट आहे. आई रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायच्या.

पोचल्या पोचल्या इकोका कार्ड घ्या. 2000 येनला मिळतं, त्यातले 500 अनामत आणि 1500 वापरायला. मेट्रो, बस, छोटी दुकानं, सगळीकडे चालतं. आयफोन असेल तर ते फोनमध्येच घालता येतं. आमचे अँड्रॉइड, त्यामुळे आम्ही प्लास्टिकचंच घेतलं. मेट्रोचं कमीत कमी तिकीट 190 येन. आम्ही गेलो तेव्हा येन सत्तावन्न-अठ्ठावन्न पैशांच्या घरात होता, म्हणून यांचा हिशोब सोपा: निम्मं करा आणि वर थोडं टाका. रोख पैसे मात्र जवळ हवेतच, कारण टपरीवजा दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर आमचं भारतीय कार्ड विनातक्रार चाललं. आणि सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, टोकियोत डावीकडे. पहिल्या दिवशी आम्ही तिघं तीन बाजूंना उभे होतो.

आता मुख्य गोष्ट, खाण्याची.

पहिल्याच दुपारी फसलो. कित्सुने उदोन हा ओसाकाचाच पदार्थ. जाड पांढऱ्या शेवया, वर गोडसर तळलेल्या टोफूची चौकोनी घडी, कांद्याची पात, साधं पातळ पाणी. चित्रात बघून मी आईंसाठी तेच मागवलं. त्यांनी चार चमचे रस्सा घेतला, म्हणाल्या, चव चांगली आहे गं, पण काहीतरी खमंग वास येतोय. तो खमंग वास दाशीचा होता. दाशी म्हणजे समुद्रातलं कोम्बू शेवाळ आणि वाळवलेल्या मासळीचा कीस यांचा अर्क. आपल्याकडे फोडणी तसा तिथं तो अर्क सगळ्यात असतो: उदोनमध्ये, सोबाच्या चटणीत, मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सारात, भाजी शिजवताना, कित्येकदा इनारी सुशीच्या टोफूतसुद्धा. दुकानदाराची काहीच चूक नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आईंनी वाटी शांतपणे यांच्याकडे सरकवली, माळेला हात लावला आणि म्हणाल्या, "पांडुरंगाला कळतं, न कळत झालेलं काय ते." पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत आणि मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणच्या मुलीकडून एका कार्डावर जपानीत लिहून घेतलं: मांस, मासे, अंडी आणि दाशी चालत नाही. हे कार्ड घरून छापून न्या. 'व्हेजिटेरियन' एवढ्यानं भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मासळीच्या रश्श्यातली भाजी ही भाजीच असते. कार्ड दाखवलं की लोक मनापासून वाचतात, आत जाऊन विचारून येतात आणि फार वेळा दोन हातांची फुली करून दाखवतात. वाईट वाटून घेऊ नका. खोटं 'हो' म्हणण्यापेक्षा ती फुली परवडली.

मग आई काय जेवल्या? मेतकूट-भात. कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये शिजवलेल्या भाताची सीलबंद वाटी मिळते, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होते. जपानी तांदूळ चिकट, त्यामुळे मेतकूट त्यात असं मुरतं की आंबेमोहोर आठवावा. आम्ही पाव किलो मेतकूट, दाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या. मेतकूट आणखी न्यायला हवं होतं. (ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता असलं काही नेऊ नका. विमानतळावर चालत नाही.) याशिवाय भाजलेलं रताळं, काकडीची काप्पा माकी (भाताची गुंडाळी), मीठ लावून उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, आणि लाल चवळीसारख्या अझुकीच्या पुरणाचे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे. शेंगा तर त्यांनी ओल्या भुईमुगासारख्या फोडून ताटलीभर संपवल्या. एक दिवस नेपाळी माणसानं चालवलेल्या 'इंडियन करी'च्या दुकानात गेलो. उशीएवढा नान आणि गोडसर डाळ. आईंना माणूस आवडला, डाळ नाही.

आम्हा दोघांची मात्र चंगळ होती. ताकोयाकी बनवताना एकदा तरी दहा मिनिटं उभं राहून बघा. लोखंडी तव्याला अर्धगोल खळगे, आपलं अप्पेपात्रच, फक्त चारपट मोठं. पोऱ्या त्यात पातळ पीठ असं ओततो की खळग्यांच्या कडा बुडून सगळा तवा एकसारखा भरतो. आपण अप्प्यांत असं कधी करणार नाही. मग ऑक्टोपसचे तुकडे, पात, लाल आलं. पीठ धरायला लागलं की दाभणासारख्या सळईनं खळग्यांमधल्या रेषा कापायच्या, कडेचं लोंबतं पीठ आत ढकलायचं आणि मनगटाला झटका देऊन गोळा उलटायचा. त्या सांडलेल्या पिठामुळेच तो पूर्ण गोल होतो. आई काचेला नाक लावून बघत होत्या. "झाकण ठेवत नाही बघ," एवढंच म्हणाल्या. आठ नग सातशे येनला मिळाले. आत लाव्हा असतो, लगेच तोंडात टाकू नका. यांची जीभ दोन दिवस भाजलेली होती. वर मासळीचा पातळ कीस घालतात, तो वाफेनं हलत राहतो. "जिवंत आहे का काय!" म्हणून आई दोन पावलं मागे सरल्या.

दोतोन्बोरी म्हणजे कालव्याकाठची खाऊगल्ली. भिंतीवर हलणारा अजस्र खेकडा, ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीची धावणाऱ्या माणसाची पाटी. ही पाटी पहिल्यांदा 1935 साली लागली, आताची सहावी. संध्याकाळी गर्दी अशी की आपली जत्रा बरी. फोटो हवा असेल तर सकाळी आठला जा, पूल मोकळा असतो. खरी जागा तिथून दोन मिनिटांवर आहे: होझेन्जी. दगडी फरशीची अरुंद बोळ आणि तिच्या टोकाला देव. मिझुकाके फुदो, म्हणजे पाणी घालून घ्यायचा फुदो. लोकांनी पाणी घालून घालून मूर्तीवर हिरवंगार शेवाळ इतकं जाड चढलंय की नाक-डोळे दिसत नाहीत. हा फुदो म्हणजे मूळचा संस्कृतातला अचल. पुढं पळी ठेवलेली असते. आईंना कोणी सांगावं लागलं नाही. पदर खोचून त्यांनी तीन पळ्या पाणी घातलं, ओठ हलत होते. मागं ऑफिसचा काळा सूट घातलेला एक माणूस हात जोडून आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. आईंचं झाल्यावर त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि आईंनी त्याला.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशानं 1583 मध्ये बांधायला घेतला, 1615 मध्ये पडला, तोकुगावा घराण्यानं पुन्हा उभारला, 1665 मध्ये वीज पडून मुख्य मनोरा जळाला. आज दिसतो तो 1931 साली लोकवर्गणीतून बांधलेला, काँक्रीटचा, आत संग्रहालय आणि लिफ्ट. रायगड चढलेल्या माणसाला लिफ्टचा किल्ला जरा जड जातो. आत जायला आम्ही माणशी 1200 येन दिले आणि मला ते वाचवता आले असते असं वाटलं. बाहेरचे तट आणि खंदक फुकट आहेत आणि खरं बघण्यासारखं तेच आहे. साकुरामोन दरवाजाच्या आत 'ऑक्टोपस दगड' म्हणून एकच अखंड शिळा आहे, वजन अंदाजे 108 टन. ती कशी आणली असेल यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

शितेन्नोजीला मात्र महिन्याच्या 21 किंवा 22 तारखेलाच जा. आवारात जुना बाजार भरतो. किमोनो, भांडी, हत्यारं, कुणाच्या तरी आजीची शिलाई मशिनं. राजपुत्र शोतोकुनं 593 साली स्थापलेलं हे मंदिर चार दिक्पालांचं, आणि ते चारही आपल्याकडून गेलेले. मी माहिती वाचून दाखवत होते: विरूढक, विरूपाक्ष, वैश्रवण, धृतराष्ट्र. "धृतराष्ट्र? हितं?" आईंनी थांबून विचारलं. तो हा नव्हे, हे पटवायला वेळ लागला. तळ्यात कासवं आहेत, शेकड्यानं. मी दोनशे येनला एक जुना निळा कापडी तुकडा घेतला.

यांचा दिवस होता तो होम्माचीचा. सेम्बा सेंटर बिल्डिंग म्हणजे उड्डाणपुलाच्या पोटात किलोमीटरभर लांब, दहा इमारतींची सलग कापडपेठ, 1970 सालची. पर्यटक जवळपास नाहीत. रविवारी बरीचशी बंद असते, तेवढं सांभाळा. ओसाकाचे जुने व्यापारी भेटल्यावर 'मोकारिमाक्का' म्हणायचे, 'कमाई होतेय का?', आणि उत्तर ठरलेलं, 'बोचि बोचि देन्ना', चाललंय आपलं. आता असं फारसं कोणी बोलत नाही म्हणे. पण यांनी पाठ करून आणलं होतं, ते एका पांढऱ्या केसांच्या दुकानदाराला म्हणालेच. तो आधी दचकला, मग खो खो हसला आणि उत्तर दिलं. मग यांनी खिशातून पिकग्लास, म्हणजे धागे मोजायची भिंग, काढली. त्यानं ड्रॉवरमधून स्वतःची काढली. दोघं एका शर्टिंगच्या तुकड्यावर डोकं टेकवून धागे मोजायला लागले, अर्धा तास, एकमेकांची भाषा न येता, बोटांवर आकडे दाखवत. आपल्या गावातही 'धंदा काय म्हणतोय' विचारलं की 'चाललंय बघा' याहून जास्त कोण बोलतं?

शिनसेकाईत एक संध्याकाळ काढा. त्सूतेन्काकु मनोरा, खाली कुशिकात्सुची दुकानं: काडीला टोचून पावाच्या चुऱ्यात तळलेलं काहीही. कमळकाकडी उत्तम. समाईक सॉसच्या भांड्यात काडी एकदाच बुडवायची, उष्टी पुन्हा नाही. हा नियम आईंना फार पटला, तेल समाईक म्हणून खाल्लं मात्र काही नाही. कुरोमोन बाजार मला महाग आणि केवळ पर्यटकांसाठी मांडलेला वाटला. त्यापेक्षा संध्याकाळी सातनंतर डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा. डब्यांवर निम्म्या किमतीची चिकटपट्टी लागायला लागते.

परतीच्या दिवशी शेवटची चूक केली, ती तुम्ही करू नका. तेन्नोजीहून विमानतळाची गाडी आठ डब्यांची. पुढचे चार विमानतळाला, मागचे चार वाकायामाला. हिनेनो स्टेशनात गाडी तुटते. डब्यात पाटी असते, घोषणा होते, इंग्रजीतही. आम्ही मागचा डबा रिकामा बघून खूश होऊन बसलो आणि गप्पा मारत राहिलो. हिनेनोला समोरच्या शाळकरी मुलीनं आमच्या बॅगांकडे बघितलं, पुढं बोट दाखवलं आणि हातानं विमान उडवून दाखवलं. तीन बॅगा, एक पिशवी आणि आई घेऊन फलाटावरून आम्ही जे पळालो! दार लागायच्या आत चौथ्या डब्यात शिरलो. हे घामाघूम, मी थरथरत. आई बसल्या, श्वास घेतला, मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "ते मागचे डबे जातात तिथं काय आहे गं बघण्यासारखं?"