तुम्ही विचारलंत म्हणून: हेकेलची चित्रे वर्गात अजूनही का दाखवता?

प्राणिशास्त्र शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत विद्यार्थ्यांइतकेच त्यांचे पालकही असतात. ज्या एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने भ्रूणांची खोटी चित्रे छापली आणि ज्याचे लिखाण पुढे वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांच्या उपयोगी पडले, त्याची चित्रे तुम्ही वर्गात अजूनही का दाखवता? प्रश्न रास्त आहे. मी ती चित्रे दाखवतो, पण त्याच्यावरच्या आरोपांसकट दाखवतो. आणि त्या आरोपांपैकी ज्याची चर्चा सर्वाधिक होते तो मला सर्वांत गंभीर वाटत नाही.

हेकेलचा जन्म 1834 मध्ये पॉट्सडाम येथे झाला. घरच्यांच्या इच्छेनुसार तो वैद्यकी शिकला, पण त्याचे मन समुद्रातल्या सूक्ष्म जीवांत रमले. 1859-60 च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना बंदरात त्याने रेडिओलॅरिया या एकपेशीय प्राण्यांचा अभ्यास केला. सिलिकाचे, सुईसारख्या काट्यांचे आणि जाळीदार गोलांचे त्यांचे सांगाडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत त्याने 144 नव्या जाती नोंदल्या, आणि 1862 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील चित्रे आजही पाहणाऱ्याला थांबवतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या येना विद्यापीठात त्याला प्राध्यापकपद मिळाले आणि आना सेथे हिच्याशी त्याचा विवाह झाला. 16 फेब्रुवारी 1864 रोजी, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, जर्मन निसर्गशास्त्रज्ञांच्या लिओपोल्डिना अकादमीने त्याला पदक जाहीर केले, आणि त्याच दिवशी आना वारली. त्या धक्क्यातून सावरण्यासाठी त्याने स्वतःला कामात इतके बुडवून घेतले की 1866 मध्ये सजीवांच्या रूपरचनेवरचा त्याचा दोन खंडांचा प्रचंड ग्रंथ बाहेर पडला. इकॉलॉजी (जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचे शास्त्र) ही संज्ञा त्याच ग्रंथात प्रथम आली. डार्विनचा विचार जर्मनीत त्याच्याइतका कोणी पसरवला नाही. हेकेलचे लोकांसाठी लिहिलेले पुस्तक आपल्या आधी प्रसिद्ध झाले असते तर आपण मानवाच्या उत्पत्तीवरचे आपले पुस्तक बहुधा पूर्णच केले नसते, असे स्वतः डार्विनने 1871 मध्ये नमूद केले.

नेमक्या याच लोकप्रिय पुस्तकात, 1868 मध्ये, त्याने कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या कोवळ्या भ्रूणांची तीन चित्रे शेजारी शेजारी छापली, आणि त्यांत फरक दिसत नाही हे वाचकाच्या लक्षात आणून दिले. फरक दिसणार कसा? तिन्ही चित्रे लाकडाच्या एकाच ठशावरून छापलेली होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या लुडविग र्‍यूटिमायर या प्राणिशास्त्रज्ञाने ही गोष्ट लगेच उघड केली, आणि पुढच्या आवृत्तीत हेकेलने तीन चित्रांच्या जागी एकच ठेवले. 1874 च्या ग्रंथात मासा, सॅलॅमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, गाय, ससा आणि माणूस अशा आठ प्राण्यांच्या भ्रूणांचा तक्ता आला. त्यावर विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने कठोर आक्षेप घेतले. 1908 मध्ये आर्नोल्ड ब्रास याने पुन्हा लबाडीचा आरोप केला, तेव्हा हेकेलने वर्तमानपत्रातून उत्तर दिले की आपल्या भ्रूणचित्रांपैकी सुमारे सहा ते आठ टक्के चित्रांत निरीक्षण अपुरे पडले तेथे रिकाम्या जागा अनुमानाने भरल्या आहेत, आणि असे करणारे आपण एकटेच नाही. पुढे 1997 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ मायकेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या पृष्ठवंशी प्राण्यांचे खरे भ्रूण तपासले. त्यात दिसले की आकारमानातला मोठा फरक हेकेलने पुसून टाकला होता, आणि ज्या पहिल्या अवस्थेत त्याने सगळे भ्रूण एकसारखे दाखवले, त्या अवस्थेतही त्यांच्यात ठळक भेद असतात.

एकाच ठशाच्या तीन चित्रांची गोष्ट मी सौम्य करून सांगत नाही. पुराव्याच्या जागी निष्कर्षच छापणे ही लबाडीच होय, मग निष्कर्ष ठरवणाऱ्याचा त्यावर कितीही प्रामाणिक विश्वास असो. मात्र यावरून उत्क्रांतीच खोटी ठरते असा जो प्रचार केला जातो, त्याला काही आधार नाही. पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणांत साम्य असते हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने 1828 मध्येच, म्हणजे हेकेलच्या जन्माआधी मांडले होते, आणि ते साम्य आजच्या छायाचित्रांतही दिसते. टिकला नाही तो हेकेलचा पुनरावर्तनाचा नियम, म्हणजे प्रत्येक भ्रूण आपल्या पूर्वजांच्या प्रौढ रूपांतून क्रमाने जातो हे म्हणणे. निसर्ग ही एक शिडी आहे आणि प्रत्येक जीव तिच्या कुठल्या तरी पायरीवर उभा आहे, ही कल्पना त्या नियमाच्या मुळाशी होती, आणि तिचा त्याच्या मनावर इतका पगडा होता की डोळ्यांना जे दिसले नाही ते हाताने काढायला तो कचरला नाही.

हीच शिडी त्याने माणसांना लावली, आणि माझा खरा आक्षेप येथे आहे.

1881 च्या नोव्हेंबरात तो सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) जाताना मुंबईत आठवडाभर थांबला. त्या मुक्कामात तो घारापुरीला आणि कार्ल्याच्या लेण्यांनाही जाऊन आला. पुढे सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा येथे विश्रामगृहात त्याने प्रयोगशाळा थाटली. तेथे त्याला मदत करणारा मुलगा रोडिया जातीचा होता, म्हणजे सिंहली समाजाने बहिष्कृत ठरवलेल्या जातीचा. हेकेल त्याला ग्रीक पुराणातल्या गॅनिमीडच्या नावाने हाक मारी. त्या मुलाच्या तल्लखपणाबद्दल आणि निष्ठेबद्दल त्याने प्रवासवर्णनात अतिशय मायेने लिहिले आहे, आणि निरोपाचे वर्णन करताना त्याचे दुःख लपत नाही. जातीची उतरंड ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे अशा आपल्यासारख्यांनी तर ही पाने जरूर वाचावीत, कारण गावाने दूर ठेवलेल्या मुलाचे गुण पाहण्याची नजर या परक्या माणसाजवळ होती.

आणि त्याच माणसाने 1904 च्या पुस्तकात लिहिले की वेद्दा किंवा ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी यांच्यासारखे खालच्या पायरीवरचे मानववंश मनाने सुसंस्कृत युरोपीय माणसापेक्षा वानरांना आणि कुत्र्यांना जवळचे आहेत, आणि म्हणून त्यांच्या आयुष्याचे मोलही वेगळे ठरवले पाहिजे. वेद्दा हे त्याच सिलोन बेटावरचे आदिवासी. त्याच पुस्तकात त्याने दुबळी अर्भके मारून टाकण्याच्या प्राचीन स्पार्टाच्या चालीला अनुकूल असे लिहिले. भ्रूणाचे चूक चित्र सूक्ष्मदर्शकाने दुरुस्त होते. पण माणसांच्या आयुष्यांची अशी किंमत एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने ठरवली, की तिच्यामुळे होणारी हानी कोणत्याही सुधारित आवृत्तीने भरून निघत नाही. तो काळच तसा होता, हे समर्थन मला मान्य नाही. वेलिगामात त्याने जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते तेच त्याच्या सिद्धांताला खोटे पाडत होते, आणि तरीही त्याने सिद्धांत जपला.

नाझी विचाराचा तो जनक होता का, हेही विचारले जाते. इतिहासकार डॅनियल गॅस्मन यांनी 1971 मध्ये तसे ठामपणे मांडले; विज्ञानाचे इतिहासकार रॉबर्ट रिचर्ड्स यांनी 2008 मध्ये ते तितक्याच ठामपणे खोडले. हेकेल 1919 मध्ये वारला. नंतर येनातल्या नाझी विचारांच्या काही प्राध्यापकांनी त्याला आपला पूर्वसूरी म्हणून मिरवले, तर 1935 मध्ये नाझी राजवटीतच ग्रंथालयांना दिलेल्या सूचनांत त्याची पुस्तके नकोशा पुस्तकांत मोजली गेली. मला रिचर्ड्स यांचा युक्तिवाद अधिक पटतो, पण 1904 मधली वाक्ये वाईट ठरण्यासाठी हिटलरपर्यंत धागा पोहोचावा लागत नाही.

आता चित्रांकडे येतो. चॅलेंजर जहाजाच्या सागरी मोहिमेतून आलेल्या रेडिओलॅरियांवर त्याने 1887 मध्ये 140 चित्रपटलांसह अहवाल दिला आणि त्यात तीन हजारांहून अधिक नव्या जाती वर्णिल्या. 1899 ते 1904 या काळात त्याची निसर्गातील कलारूपांची 100 पटले आडोल्फ गिल्चच्या शिलामुद्रणातून प्रसिद्ध झाली, आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार रने बिने या वास्तुरचनाकाराने रेडिओलॅरियाच्या सांगाड्यावरून उभारले. हेकेलने वर्णिलेल्या एका जेलीफिशच्या शास्त्रीय नावात त्याच्या पत्नीचे, आना सेथेचे, नाव आहे. ही पटले पाहून एखादी विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसते, आणि तेवढ्यासाठीही मी ती दाखवत राहीन. मात्र त्यांतही समतोलाची आणि सममितीची त्याची ओढ कधी कधी नमुन्याच्या पुढे धावते, हे मी सांगतो.

त्याच तासाला मी 1874 चा तक्ता आणि 1997 ची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवतो, फरक विद्यार्थ्यांना शोधायला लावतो, आणि मगच माणसांना पायऱ्यांवर बसवणारा त्याचा 1904 चा उतारा मोठ्याने वाचतो. सोबत 2019 चे येना घोषणापत्रही वाचतो. हेकेलच्या शंभराव्या स्मृतिवर्षात, त्याच्याच विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी आणि उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी काढलेल्या त्या पत्रात म्हटले आहे की मानववंश ही संकल्पना वंशवादातून जन्मली आहे, वंशवादाआधी ती अस्तित्वात नव्हती, आणि मानवी विविधतेच्या वर्णनात तो शब्द आता वापरू नये.