वीस मिनिटांचं काम आणि तीस दिवस

लॅपटॉपचा ड्राइव्ह बदलायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली पाच चष्मा शोधण्यात गेली. पुढचा महिना कशात गेला ते सांगण्यासाठी हे लिहितोय. डोक्यातून अजून जात नाही.

लॅपटॉप २०२०चा. लॉकडाउनमध्ये लेकीच्या ऑनलाइन कॉलेजसाठी घेतला होता. ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. आत फायली साठवायला २५६ जीबीची एसएसडी ड्राइव्ह, विंडोजच्या हिशेबात २३८. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडीची पट्टी, आणली, मागचं झाकण जुन्या सिमकार्डाने उचकटलं, बॅटरीची पिन काढली, जुनी पट्टी तिरपी उठली, नवी तशीच तिरपी सरकवून दाबली. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. मी थर्माकोलवर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला तिथे टोचून ठेवले होते. ही एक गोष्ट मी शहाण्यासारखी केली.

पेनड्राइव्हवरून विंडोज कोरं टाकलं, जुना कचरा नको म्हणून. मग जुना ड्राइव्ह यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जोडला, की फोटो आणि सोसायटीचे हिशेब इकडे ओढून घ्यावेत. स्क्रीनवर ड्राइव्हच्या चित्राला पिवळं कुलूप. त्यावर टिचकी मारली तर म्हणे ४८ आकडी रिकव्हरी की द्या.

मी असलं कुलूप कधी घातलंच नव्हतं! नंतर कळलं, घालावं लागत नाही. लॅपटॉपचं हार्डवेअर त्या लायकीचं असेल आणि पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलात, तर विंडोज होमसुद्धा ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवतं. रोज उघडायचं काम मदरबोर्डवरची टीपीएम नावाची, किल्ली जपणारी चिप निमूटपणे करते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. ड्राइव्ह बाहेर काढून दुसरीकडून जोडला की किल्ली मागणारच.

तेव्हाच जुना ड्राइव्ह परत आत बसवला असता तर बहुतेक काही न विचारता उघडला असता. पण यूट्यूबवर एकाने छातीठोकपणे सांगितलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन टीपीएम क्लियर करा, कुलूप निघेल. केलं क्लियर. आता नव्या ड्राइव्हनेही निळी स्क्रीन दाखवून किल्ली मागितली. ती फोनवर माझ्या खात्यात सापडली, आणि किल्ल्या कुठे राहतात हे त्या निमित्ताने समजलं. जुना परत बसवून पाहिला. तोही किल्लीवर अडून बसला.

मग स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे. त्याने ड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, ‘आठ हजार होतील काका, गॅरंटी नाही.’ किल्लीशिवाय कसं उघडणार, विचारलं तर म्हणे आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे. पस्तीस वर्षं बँकेत काढलीत मी. गॅरंटी नसलेल्या कामाचे आठ हजार आगाऊ मागणारा माणूस मला ओळखता येतो. किल्ली नसेल तर तो डेटा कुणालाच वाचता येत नाही, दुकान कितीही चकाचक असो. माझा राग त्या महिन्यावर जेवढा आहे त्याहून जास्त या गृहस्थावर आहे.

जुन्या ड्राइव्हची किल्ली माझ्या खात्यात नाही, बायकोच्याही नाही. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या खात्याने सुरू झाला, किल्ली त्याच्याकडे जाते. म्हणजे लेकीचं कॉलेजातलं खातं. तिला पासवर्ड आठवत होता. पण किल्ली दाखवण्याआधी खात्री करायला कोड आला तिच्या जुन्या मुंबईच्या नंबरवर, आणि तो नंबर तिने दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेला.

त्या नंबरवर आता दुसरंच कुणीतरी आहे. मी ट्रूकॉलरवर नाव काढलं आणि म्हटलं, फोन करून नम्रपणे विचारतो, एक कोड आला असेल तेवढा सांगा.

‘बाबा,’ लेक म्हणाली, ‘अनोळखी माणसाला फोन करून ओटीपी मागणार तुम्ही? पोलिसात देईल तो.’

बँकेत असताना हेच न करण्याची पत्रकं मी स्वतः काउंटरवर चिकटवली होती. गप्प बसलो.

उरला एकच रस्ता. जुना नंबर काढून नवा घालायचा. पण जुन्यावरचा कोड देता येत नसेल तर हा बदल लागू व्हायला तीस दिवस थांबावं लागतं. चोराच्या हाती पासवर्ड लागला तर खऱ्या मालकाला सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून हा नियम आहे. पटतो मला. तरी रोज सकाळी चहा घेताना मी कॅलेंडरवर फुली मारत होतो.

त्यात हा सगळा प्रकार ऑगस्टमधला. मी सोसायटीचा खजिनदार, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ताळेबंद ऑडिटरकडे होता म्हणून अब्रू वाचली. पण एप्रिलपासूनच्या मेंटेनन्सच्या नोंदी कुलपात. अध्यक्ष रोज जिन्यात विचारायचे, ‘उघडलं का?’ शेवटी बँकेचं स्टेटमेंट आणि पावतीपुस्तक घेऊन बत्तीस फ्लॅटच्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. बॅकअप का नव्हता, असं कृपया विचारू नका. घरात विचारून झालंय.

एकतिसाव्या दिवशी रात्री लेकीचा फोन. तिच्या खात्यात तीन किल्ल्या होत्या. कुलपाच्या खिडकीत की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून आपली कोणती ते ठरवायचं. तिने आठ गट वाचले, सहा-सहा आकड्यांचे. मी लिहून घेतले, भरले. चुकीची किल्ली.

पुन्हा भरले. पुन्हा तेच. पण यातलं एक गणित मी त्या तीस दिवसांत वाचून ठेवलं होतं: प्रत्येक सहा आकडी गटाला ११ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर घेतला. पाचव्या गटाला बाकी उरली. ती जोड्या करून मराठीत वाचत होती, आणि तिच्या ‘एकोणसत्तर’चं मी ‘एकोणसाठ’ ऐकलं होतं. तेवढं खोडलं, एंटर दाबलं आणि पिवळं कुलूप उघडलं. हा शोध मी अध्यक्षांनाही जिन्यात थांबवून सांगितला.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर एकतर बंद करून ड्राइव्हचं कुलूप पूर्ण निघू द्या, नाहीतर किल्ली कागदावर घ्या. लॅपटॉप वापरलेला किंवा घरातल्या दुसऱ्याचा असेल तर आधी ते खातं कुणाचं आणि त्याला जोडलेला फोन चालू आहे का, ते विचारा. आणि टीपीएमला हात लावू नका.

माझी नवी किल्ली मोठ्या टायपात छापून गोदरेजच्या कपाटात पासबुकांसोबत ठेवली आहे.

हो, केसिंग घेतानाही एक चूक झाली होती, ती मघाशी सांगायची राहिली. पहिलं आणलं ते साटाचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या एसएसडीचं, निघालं. एम-टू आकाराच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या, पण साटाच्या केसिंगमध्ये एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. दुकानदाराने बदलून दिलं, फक्त लॅमिंग्टन रोडची दुसरी फेरी पडली.